उजव्या पायाचा ठेका

वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस बँडमध्ये ड्रम्स वाजवतो म्हटलं की लोक हसतात. हसू देत. दिवसभर एक ड्रम उघडायचा आणि संध्याकाळी दुसरा बडवायचा, यात माझा निम्मा जन्म गेला. दोन्हीकडे काम तसं एकच, जे फिरतंय ते वेळेवर फिरलं पाहिजे. मशीनचं बेअरिंग जायला लागलं की मला दारात उभ्या उभ्या कळतं. घरच्या बाई सांगत असतात, "पाणी भरत नाही हो," आणि मी आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणतो, "पाण्याचं नंतर बघू, आधी बेअरिंग बदला." माझ्या कानाचा मला फार गर्व होता. होता म्हणतोय, हे ध्यानात ठेवा.

बँड आमचा तिघांचा. गाणी लिहितो, गातो आणि गिटार वाजवतो तो मास्तर. शाळेत भूगोल शिकवतो म्हणून मास्तर, आणि दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांनाही काहीबाही समजावून सांगत बसतो म्हणूनही मास्तर. बेस गिटार माझ्या धाकट्या बहिणीकडे. ड्रम्स माझ्याकडे. आम्ही कधी कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधून घेतलं नाही. गाणी आमची आम्ही रेकॉर्ड केली, कॅसेटची वेष्टनं घरी बसून चिकटवली, आणि कार्यक्रम संपला की दाराशी टेबल मांडून आम्हीच विकली. फार मोठं नाव झालं नाही, पण ज्यांना आवडलो त्यांना मनापासून आवडलो. त्यांतले काही आता गुडघ्याच्या डॉक्टरकडे भेटतात आणि तिथेही विचारतात, "नवीन कधी?"

धाकटीला बेस मीच शिकवला. शिकवला म्हणजे काय, बेस वाजवायला दुसरं कोणी मिळत नव्हतं म्हणून तिच्या गळ्यात तो अडकवला. ती तेव्हा शाळेत होती. मी तिला एकच गोष्ट सांगितली, "माझ्या उजव्या पायाकडे बघ. पाय खाली गेला की तुझं बोट तारेवर. बाकी काही कळलं नाही तरी चालेल." तिचं सगळं शिक्षण ते एवढंच. पुढे ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली वाजवायला लागली, पण नजर कायम माझ्या पायावर. लोकांना वाटायचं, बाई लाजाळू आहे, मान वर करत नाही.

लहानपणीही तिचं असंच. शाळेला जाताना मी पुढे ढांगा टाकत जायचो आणि ती दप्तर सांभाळत मागून पळायची. आई खिडकीतून ओरडायची, "अरे, जरा हळू चाल! ती लहान आहे." मी हळू चाललो असेन असं मला काही आठवत नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. दिवसा धाकटी, रात्री मी आणि माझी बायको, अशा पाळ्या लागल्या. मास्तरला म्हटलं, थोडे दिवस थांबू. ते थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षांवर गेले. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रम्सवर चादर पडली, चादरीवर मशीनची जुनी झाकणं चढली. मास्तर अधूनमधून यायचा, झाकणांकडे बघायचा, चहा पिऊन जायचा. कधी एका शब्दाने टोचलं नाही त्याने. एरवी जिभेला हाड नाही, पण तेवढं मात्र केलं.

आई गेली आणि आम्ही दोघं भाऊबहीण रिकामे झालो. रिकामे म्हणजे किती, तर आईच्या औषधाची वेळ झाली की धाकटी अजूनही माझ्या घरी यायची. यायची, खुर्चीत बसायची, घड्याळाकडे बघायची आणि उठून जायची. मी अडवायचो नाही. बोलायला आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही फक्त आईबद्दल बोलत होतो, झोप लागली का, खाल्लं का, कूस बदलली का. त्याआधी आम्ही बोलायचो ते वाजवूनच.

म्हणून मास्तर एका दुपारी गिटार पाठीला लावून दुकानात आला आणि म्हणाला, "गाणी झालीयेत. जरा पोक्त आहेत, पण नवीन आहेत," तेव्हा मी हातातलं मशीन तसंच उघडं टाकून मागच्या खोलीतली झाकणं उतरवायला लागलो. मला तो बँड परत हवा होता. लोकांसाठी वगैरे नाही. धाकटी आणि मी एकत्र करू शकू असं जगात दुसरं काही शिल्लक नव्हतं.

तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी जरा अडखळलो, मग बसलं. मास्तर म्हणाला, "आपण पूर्वीपेक्षा जड वाजतोय, नाही? चांगल्या अर्थाने. भरलेल्या गाडीसारखं." मला ते आवडलं. धाकटी माझ्या पायाकडे बघत होती.

मोठा ड्रम उजव्या पायाने वाजवतात ते पेडल मात्र त्रास द्यायला लागलं. पाय दाबला तरी तो ठोका मनासारखा बसेना. मी स्प्रिंग बदलली. सांध्यात तेल घातलं. शेवटी नवीन पेडल आणलं, तेही तसलंच निघालं. घरी येऊन मी कारखानदारांच्या नावाने बोटं मोडत होतो, तर बायको कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पेडलमधलं नाही कळत. पण तुमची उजवी चप्पल पुढून झिजलीये, डावी कोरी आहे. हल्ली तुम्ही जिन्यात आलात की मला आवाजावरून कळतं. पाय घासता तुम्ही."

"चप्पलच तसली आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चपलेच्या पैशांवरून आता काही ऐकवणार. पण तिने घडी पूर्ण केली आणि पुढची उचलली.

रेकॉर्डिंगला आम्ही गावाबाहेरचा एक जुना बर्फाचा कारखाना घेतला. भिंती हातभर जाड, बाहेर गाढव ओरडलं तरी आत पत्ता लागणार नाही. रेकॉर्डिस्ट एक तरुण बाई, कामाला चोख, स्वभावाने गोड, फक्त मला काका म्हणायची, तेवढं सोडून. पहिल्याच दिवशी तिने हेडफोन पुढे केला. "काका, यात टिकटिक ऐकू येईल. तिच्याबरोबर वाजवलंत की लय हलणार नाही."

"माझी लय हलत नाही," मी म्हटलं. "ही टिकटिक जन्माला यायच्या आधीपासून मी वाजवतोय."

मास्तर हसला आणि आता भावाबहिणीची जुंपणार म्हणून खुर्ची मागे सरकवून बसला. कारण या टिकटिकीवरून पूर्वी धाकटीनेच माझं डोकं खाल्लं होतं. तुझा ठेका पळतो, घोड्यावर बसल्यासारखा वाजवतोस, एकदा तरी टिकटिक लावून बघ, असं दर रेकॉर्डिंगला. पण या वेळी ती चटकन म्हणाली, "दादा बरोबर म्हणतोय. टिकटिक नको."

मला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांनी का होईना, पोरीला अक्कल आली.

गाणी झरझर होत गेली. एकच उरलं होतं, आईच्या खोलीवरचं. मास्तरने ते आम्हाला न विचारता लिहिलं होतं, आणि पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आम्ही दोघांनीही त्याच्याकडे न बघता 'ठीक आहे' म्हटलं होतं. ते शेवटी ठेवू, असं ठरलं. रेकॉर्डिस्ट खूश होती. म्हणाली, "तुमचे ड्रम्स आणि ताईंचा बेस म्हणजे एकच माणूस वाजवतोय असं वाटतं." मी धाकटीच्या खांद्यावर थाप मारली. तिने खांदा जरा आखडून घेतला.

शेवटच्या गाण्याआधी दोन दिवस सुट्टी होती, पण रेकॉर्डिस्टचा फोन आला. कुठूनतरी घरघर येतेय, विजेची असावी, काका जरा बघाल का? मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. ती म्हणाली, "आधी घरघर कुणाच्या आवाजात आहे ते शोधू," आणि एकेक वाद्य बंद करत गेली. मास्तरचा गळा गेला, गिटार गेली, बेस गेला. उरले फक्त माझे ड्रम्स.

मी ऐकलं. हात माझे होते, शंकाच नाही. सरळ, स्वच्छ. पण पाय कुणाचा होता कोण जाणे. प्रत्येक वेळी तो जरासा मागून यायचा. हात पुढे जाऊन थांबलेत आणि पाय मागून फरफटत येतोय, असा.

"यात बिघाड आहे," मी म्हटलं. "तुमच्या मशीनमध्ये."

"नाही काका, मशीन ठीक आहे." ती अजून पडद्यावर घरघर शोधत होती. "सगळ्याच गाण्यांत असं आहे. मला वाटलं, तुमची ती पद्धतच आहे. ताईसुद्धा बरोबर तिथेच वाजवतात ना."

"बेस लावा."

तिने बेस लावला आणि लंगडणं नाहीसं झालं. ठेका भारदस्त झाला, मास्तर म्हणाला होता तसा, भरलेल्या गाडीसारखा.

"आता माझा पाय काढा. माझे हात राहू देत आणि बेस."

बेस मागे होता. गाण्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मागे, आणि प्रत्येक वेळी तेवढाच मागे. माझ्या बहिणीने आयुष्यात कधी बेताल वाजवलेलं नाही. तिला जन्मजात येत नाही ते. आणि इथे ती सगळीच्या सगळी गाणी उशिरा वाजवत आली होती, मनाविरुद्ध, मान खाली घालून, माझा पाय पडायची वाट बघत. आणि मी काय ऐकत होतो? तिचा बेस. बेस पायाबरोबर पडतोय म्हणजे पाय बरोबर आहे, एवढा सरळ हिशेब. दुसऱ्याच्या मशीनमधली खरखर मला दारातून कळते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घरघर वायरीत होती. ती मी दुरुस्त केली.

तिथून तडक धाकटीच्या कामावर गेलो. ती कवळ्या बनवते. लांब टेबल, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, वितळलेल्या मेणाचा वास. ती कुणाच्यातरी खालच्या जबड्यात मेणावर एकेक दात बसवत होती. मला बघून तिने दिवा बारीक केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

कशाबद्दल ते तिने विचारलं नाही. म्हणाली, "पहिल्या तालमीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"काय सांगणार होते?"

"सांगायचं, दादा, तुझा पाय मागे पडतोय! पूर्वी पळायचो तर सगळ्यांसमोर सांगायचीस की!"

"पूर्वी तू पळायचास रे, दादा." तिने हातातला दात परत डबीत ठेवला. "तेव्हा सांगितलं की तू भांडायचास आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात पळायचास. आता सांगितलं असतं तर तू थांबला असतास. काड्या खाली ठेवल्या असत्यास आणि परत उचलल्या नसत्यास. ओळखत नाही का मी तुला?"

"म्हणून मला वेड्यात काढलंत. मास्तरला माहीत आहे?"

"नाही. वहिनीला माहीत आहे. तिनेच डॉक्टरची वेळ घेतलीये, रेकॉर्डिंग संपल्यानंतरची. एक गाणं तर राहिलं होतं, दादा. मी म्हटलं, तेवढं होऊ दे. आईचं गाणं तरी सगळ्यांचं मिळून होऊ दे."

मी तोंडाला येईल ते बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाहीच. ती ऐकत राहिली. मग मी जायला वळलो आणि मला माझ्याच पायाचा आवाज ऐकू आला, त्या फरशीवर, चप्पल घासल्याचा. तिनेही ऐकला असणार. मी तिथेच प्लास्टरच्या जबड्यांसमोर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. ती उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. जवळ घेणं वगैरे आमच्यात नाही. उभी राहिली फक्त.

डॉक्टरकडे मी बायकोला घेऊन रेकॉर्डिंग संपायच्या आधीच गेलो. त्यांनी मला जमिनीवर पाय आपटायला लावला, बोटं मिटायला-उघडायला लावली, चालून दाखवायला लावलं. मग आजाराचं नाव सांगितलं. मेंदूतून निघालेला निरोप पायापर्यंत उशिरा पोचतो, म्हणाले. मी म्हटलं, टपालखात्याचं काम दिसतंय. ते हसले, बायको नाही हसली. "पुढे हातांचंही होईल का?" तिने विचारलं. ते म्हणाले, होईल, हळूहळू. बरा होत नाही, गोळ्यांनी सांभाळता येतो. परत येताना रस्ताभर बायकोने माझा उजवा दंड धरून ठेवला होता. मी दुसऱ्या कुठल्या दिवशी तो सोडवून घेतला असता.

मास्तरला मीच सांगितलं. तो लगेच उपाय शोधायला लागला. रेकॉर्डिस्ट म्हणाली, पायाचे सगळे ठोके कॉम्प्युटरवर ओढून जागेवर आणता येतील, तासाभराचं काम आहे.

"आणि बेस?" मी विचारलं.

"तोही ओढावा लागेल. नाहीतर तो एकटाच मागे राहील."

"मग झालेली गाणी आहेत तशीच राहू द्या," मी म्हटलं. "आणि शेवटच्यात मी वाजवत नाही."

धाकटी एकदम म्हणाली, "का?"

"अगं, तुला एक तरी गाणं सरळ वाजवता येऊ दे. आईचं गाणं आहे. त्यात मला ओढत न्यायला नको." तिने तोंड उघडलं, तेव्हा मी आवाज चढवला, "मोठा कोण आहे?" हा माझा शेवटचा हुकमी पत्ता. लहानपणापासून चालत आलेला.

ठरलं असं की सुरुवातीला काड्या एकमेकींवर आपटून लय मी द्यायची आणि मग गप्प बसायचं. हात अजून माझे होते, तेवढं येत होतं. मी ड्रम्सच्या मागे बसलो. पाय सवयीने पेडलवर गेला, तसाच ठेवला, दाबला नाही. धाकटीला सांगितलं, "माझ्याकडे बघायचं नाही. मास्तरच्या हाताकडे बघ."

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी मोजून दिलं. मास्तरने गायला सुरुवात केली. खोलीतली खुर्ची, उशाशी तांब्या, कुणीच न लावलेला दिवा. साधे शब्द होते. दुसऱ्या ओळीला बेस आला.

मागून आला.

ती थांबली. "चुकलं. परत."

मी परत मोजलं. परत तसंच. ती भिंतीजवळ गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळे मिटून घेतले. मी मोजलं, मास्तर गायला, बेस मागून आला. अगदी तेवढाच मागून. मी पाय हलवला नव्हता. पण माझा पाय पडला असता तर तिथेच पडला असता, हे मला माझ्या पोटरीत कळलं.

धाकटीने बेस गळ्यातून काढला नाही, नुसते हात खाली सोडले. "जमत नाही रे दादा," ती म्हणाली. "मी नाही मुद्दाम करत. बोट थांबतंच तिथे. काहीतरी पडायची वाट बघतं."

"पूर्ण वाजव," मी म्हटलं. "जसं येईल तसं. थांबू नकोस."

तिने पूर्ण वाजवलं. मी काड्या मांडीवर ठेवून ऐकलं. माझ्या मागे धावणारी, दप्तर सांभाळणारी ती पोर आता हळू चालत होती, आणि तिच्या पुढे कुणीच नव्हतं.

गाणं संपल्यावर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाली, "काका, छान झालंय. फक्त ताईंचा बेस प्रत्येक वेळी जरासा मागे येतोय. तेवढा सरळ करून घेऊ? ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

धाकटी भिंतीकडून वळली. या वेळी ती माझ्या पायाकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"नका करू," मी म्हटलं. "तिथे मी वाजतोय."